पाच त्सांबिकोस, एक सूज

"सिस्टर, माझ्या कानात कुणीतरी आधारसूर धरून बसलंय," त्सांबिकोस म्हणाला, "आणि मेला बेसूर आहे!"

मी उशीचा अभ्रा बदलत होते. हात तिथेच थांबला. दुसरा कुणी पेशंट असं म्हणाला असता तर मी आधी त्याचा ताप बघितला असता. पण हा ह्या बेटावरच्या आमच्या गावातल्या देवमातेच्या चर्चमधला गायक. सप्टेंबरात देवमातेच्या जन्माचा सण येतो, तेव्हा हा उभा राहून जुनं प्रवचन गातो. हो, गातो. पूर्वीचे संत प्रवचन नुसतं सांगत नसत, कडवी बांधून गात असत. बाकीच्या गावांनी त्यातलं पहिलं कडवं ठेवलं आणि उरलेलं घड्याळाकडे बघून सोडून दिलं. आमच्या गावाने एक ओळ सोडली नाही. त्सांबिकोस कडवं गातो, आम्ही सगळे पालुपद उचलतो. म्हाताऱ्या रडतात, पोरं खिडकीत चढतात, आणि शेवटच्या कडव्याला मेणबत्त्याही ताठ उभ्या राहून ऐकतात, असं मला तरी दरवर्षी वाटतं. इस्पितळाच्या नोकरीत मी जे काही धीराने केलं असेल, ते त्या पालुपदाच्या जोरावर.

अशा माणसाच्या कानात शिट्टी वाजायला लागली म्हणजे गावाच्या विहिरीला तडा गेला.

"कसला सूर आहे?" मी विचारलं.

"वरचा. बारीक. तुझ्या मोठ्या डॉक्टरांसारखा. जरासा चढा, आणि थांबायचं नाव नाही."

मोठे डॉक्टर म्हणजे आमच्या विभागाचे प्रमुख, डॉक्टर आरिस्तिदिस. तेही आमच्याच गावचे. रविवारी त्सांबिकोसच्या शेजारी उभं राहून आधारसूर धरतात, आणि त्यांचा सूर चढतो हे गावातल्या शेळ्यांनाही ठाऊक आहे. त्यांना सांगायची हिंमत मात्र शेळ्यांनाही नाही.

"ख्रिसांथी," त्सांबिकोस हळूच म्हणाला. तो मला नावाने हाक मारतो तेव्हा थट्टा संपलेली असते. "हा आवाज गेला नाही तर मी कशावर गाणार गं? आपला सूर शोधायला आत शांतता लागते."

"जाईल," मी म्हणाले. म्हणाले खरी, पण नजर सलाईनच्या खांबावर लटकणाऱ्या दोन बाटल्यांकडे गेली.

उन्हाळाभर त्याला बारीक ताप येत होता. माणूस सुकत चालला, तरी "उन्हाचं आहे, उन्हाचं आहे" म्हणत राहिला. शेवटी रक्त तपासलं तर त्यात जंतू वाढला. तो जाऊन हृदयाच्या झडपेवर बसला होता. अशा जंतूला आठवडेच्या आठवडे नसेतून औषध द्यावं लागतं, नाहीतर झडप खाऊन टाकतो. आम्ही दोन औषधं लावली होती, दोन्ही भारी. त्यातलं एक कानाला झोंबतं, दुसरं मूत्रपिंडाला. आणि मूत्रपिंड थकलं की अंगातलं औषध बाहेर पडत नाही, मग सगळा भार पुन्हा कानावरच. साधं पेनिसिलीन का नाही? तर केसपेपरवर लाल पट्टी होती: पेनिसिलीनची ॲलर्जी, सर्वांग सुजतं.

तेवढ्यात दारात ढकलगाडीच्या चाकांचा खडखडाट झाला. सकाळचा 'थांबा' आला.

ह्या थांब्याबद्दल सांगायला हवं. पूर्वी आमच्या इस्पितळात औषध सुरू करणारे हात पुष्कळ होते, बंद करणारा एकही नव्हता. संध्याकाळच्या डॉक्टरांनी सुरू केलं, सकाळच्यांना वाटलं काहीतरी कारण असेल, आणि औषध चालू राहिलं, नळ चालू राहावा तसं. प्रत्येक विभाग म्हणजे वेगळं राज्य. प्रयोगशाळा फक्त चिठ्ठ्यांतून बोलायची. औषधशाळेतला लाझारोस तळघरातल्या खिडकीत बसायचा, आणि आम्हाला त्याचं तोंड तेवढं माहीत होतं. त्याला पाय आहेत हे तो पहिल्यांदा वर आला तेव्हा कळलं. मग जंतूंच्या आजारांच्या डॉक्टर मिर्तो आल्या. मिठाच्या खड्याएवढ्या, पण आवाज घंटेसारखा. त्यांनी सगळ्यांना खाटेपाशी आणून उभं केलं. रोज सकाळी प्रत्येक खाटेजवळ डॉक्टर, सिस्टर, औषधवाला आणि प्रयोगशाळेचं माणूस असे सगळे थांबायचे, आणि मोठ्याने विचारायचं: जंतू कोणता? औषध कोणतं? हेच का? अजून किती दिवस? उत्तर नसेल तर लाजायचं, आणि दुपारपर्यंत शोधायचं.

मोठे डॉक्टर पहिले काही आठवडे धुमसत होते. "हे इस्पितळ आहे की कॉफीचं दुकान? खाटेपाशी उभं राहून गप्पा!" त्यांचा स्वभाव तोफेचा. खोकला दिसला की तोफ, ताप दिसला की दोन तोफा. शस्त्रक्रिया विभागाची मुख्य सिस्टर मला जिन्यात भेटली की विचारायची, "काय गं, तुमच्या तोफा थंडावल्या का? आमच्याकडे तर आता चाकूसुद्धा परवानगी मागतो." मी म्हणायचे, "तुमच्या चाकूला आधी धार लावा." असा आमचा प्रेमाचा व्यवहार. पण त्या चढाओढीने एक झालं. लोक विचारायला लागले. आणि देवाची करणी बघा, विचारणं हे खोकल्यासारखं असतं, एकाने केलं की सगळ्यांना येतं.

तर त्या सकाळी थांबा त्सांबिकोसच्या खाटेपाशी आला.

"जंतू कोणता?" डॉक्टर मिर्तोंनी विचारलं.

प्रयोगशाळेच्या माणसाने कागद वाचला. "तोंडातला. गरीब जात. दातांच्या फटीत राहणारा, साध्या पेनिसिलीनने मरणारा."

"म्हणजे," लाझारोस म्हणाला, "आपण चिमणीवर गलबताच्या तोफा डागतोय."

"चिमणी माझ्या मित्राच्या हृदयात बसलीये," मोठे डॉक्टर गुरगुरले. "तोफाच डागणार."

मी घसा साफ केला. "डॉक्टर, त्याच्या कानात शिट्टी वाजते."

डॉक्टर मिर्तोंनी रक्ताचे आकडे बघितले, लाझारोसने त्यांच्या खांद्यावरून बघितले, आणि दोघांनी एकाच वेळी मान हलवली. मूत्रपिंड थकायला लागलं होतं.

"कानाला झोंबणारं आत्ताच्या आत्ता बंद," डॉक्टर मिर्तो म्हणाल्या. मी बाटली उतरवली. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत उतरवली. "पण दुसरंही फार काळ देता येणार नाही. आणि औषध थांबवलं तर झडप जाईल. ह्याला पेनिसिलीनच हवं."

"लाल पट्टी दिसत नाही का?" मोठे डॉक्टर तापले. "तो सुजतो! फुगून मेला तर?"

डॉक्टर मिर्तो खाटेच्या कडेला बसल्या. "त्सांबिकोसकाका, तुम्ही सुजलात तेव्हा काय झालं होतं?"

"मला काय आठवतंय, बाळा? लहान असेन. पण आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. 'आपल्या त्सांबिकोसला पेनिसिलीनची सुई दिली आणि तो दारूच्या बुधल्यासारखा फुगला.' सणाला जेवायला बसलं की ही गोष्ट निघतेच."

"आपल्या त्सांबिकोसला," लाझारोसने सावकाश म्हटलं. तो शेजारच्या गावचा, त्याला आमच्या रीती माहीत. "काका, तुमच्या घरात त्सांबिकोस किती?"

त्सांबिकोसने हात पांघरुणाबाहेर काढला.

आता आमच्याकडे थोरल्या मुलाला आजोबांचं नाव द्यायचं. न दिलं तर आजोबा सणाला ताटावर बसत नाहीत. ह्याच्या आजोबांचं नाव त्सांबिकोस. त्यांना मुलगे पाच. पाचही जणांनी बापाचा मान राखला.

"बेकरीवाला," त्सांबिकोस बोटं मोजू लागला, "टॅक्सीवाला, मधमाश्यांवाला, मेलबर्नवाला. आणि मी."

"देवमाते!" मोठे डॉक्टर म्हणाले.

"मी घरी फोन करते," मी म्हणाले.

ह्याचं लग्न झालेलं नाही. घरात म्हातारी आत्या, कालियोपी. मी फोनवर अगदी गोड आवाजात म्हणाले, "कालियोपीआत्या, त्सांबिकोसबद्दल महत्त्वाचं विचारायचंय. घरातली जाणती माणसं इस्पितळात येतील का?" पलीकडून एक हुंदका. मग फोन ठेवल्याचा आवाज. लाझारोसने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी दूध उतू घालवलंय.

"सिस्टर, आपल्या बेटावर इस्पितळ फोन करून 'जाणती माणसं पाठवा' म्हणतं तेव्हा त्याचा अर्थ काय होतो?"

मी कपाळावर हात मारला आणि पुन्हा फोन लावला. कुणी उचलेना. निघाले होते सगळे.

जेवणाच्या वेळेआधी लिफ्टचं दार उघडलं, आणि त्यातून काळे कपडे घातलेलं अख्खं खानदान बाहेर पडलं. बायका रडत होत्या, पुरुष नाक शिंकरत होते. एकाच्या हातात चीजच्या पुऱ्यांचं ताट, दुसरीच्या हातात तीळ-मधाच्या वड्या, कारण दुःख असलं तरी इस्पितळात रिकाम्या हाताने जायचं नसतं. सगळ्यांत पुढे कालियोपीआत्या, हातातली काठी दर पावलाला जमिनीत रोवत.

"गहू भिजत घालून आले," तिने मला मिठी मारून सांगितलं. "उद्याला उकडून होतील. डाळिंबं नाही मिळाली गं, मनुका घालीन."

मेलेल्यांच्या नावाने जो गोड गहू वाटतात, तो.

"आत्या," मी म्हणाले, "तो जिवंत आहे."

"अजून?"

"अजून. आणि राहणार आहे."

आत्या खोलीत शिरली. त्सांबिकोस उठून बसला. "आत्या, मला काही झालेलं नाही!"

"तू गप्प पड," आत्या डोळे पुसत म्हणाली. "तुला तापात काय कळतंय!" मग तिने त्याच्या कपाळाला हात लावला, ताप नाही हे पाहिलं, तीनदा थू-थू करून दृष्ट काढली, आणि पुढच्याच दमात त्याला झापायला लागली. "मेल्या, एवढं रडवलंस आम्हाला! त्या टॅक्सीवाल्याने येताना दोन वेळा लाल दिवा तोडला! आता त्या गव्हाचं मी करू काय?"

इकडे व्हरांड्यात मोठ्या डॉक्टरांनी टाळी वाजवली. "शांत! त्सांबिकोस कोण?"

"मी," बेकरीवाला म्हणाला. "मी," टॅक्सीवाला म्हणाला. "मी," मधमाश्यांवाला म्हणाला. "मी, मी! कोण गेलं?" असं मेलबर्नवाला एका पुतणीच्या मोबाइलमधून ओरडला. तिकडे संध्याकाळ झाली होती आणि तो तोंडाला साबण लावलेल्या अवस्थेत होता.

"कुणीही गेलं नाही," डॉक्टर मिर्तो म्हणाल्या. "फक्त एक सांगा. तुमच्यापैकी पेनिसिलीनची ॲलर्जी कुणाला आहे?"

चार हात वर झाले. एक मोबाइलच्या पडद्यावर, साबणाचा. आणि खोलीतून आवाज आला, "आणि मला!"

लाझारोसने भिंतीला पाठ टेकवली.

"तुम्हा सगळ्यांना?" डॉक्टर मिर्तोंचा घंटेसारखा आवाज पहिल्यांदाच चिरकला.

"मग! मी तर कडं घालतो," मेलबर्नवाल्याने मनगट पडद्याला भिडवलं. "चांदीचं. इथे कोरलंय बघा. एकदा विमानतळावर काढायला सांगितलं तर मी भांडलो."

"मला दाताच्या डॉक्टरने दुसरंच औषध दिलं होतं," बेकरीवाला म्हणाला. "आठवडाभर संडासातून पीठ मळायला लागलं. पण काय करणार, मी सुजतो ना. मला आठवतंय, माझे डोळे बंद झाले होते."

"ते माझे डोळे!" टॅक्सीवाला उसळला. "तुझे कुठून? माझे ओठसुद्धा असे झाले होते, वांग्यासारखे!"

"वांग्यासारखे मला झाले होते," मधमाश्यांवाला शांतपणे म्हणाला. तो कमी बोलतो, पण वारसाहक्क सोडत नाही.

"तू तेव्हा झोळीत होतास!"

"झोळीतच सुजलो."

मेलबर्नवाला तिकडून ओरडत होता, की आपण वयाने सगळ्यांत मोठे, तेव्हा सूज आधी आपली. मी इतक्या वर्षांत वाटण्यांवरून पुष्कळ भांडणं पाहिली, ऑलिव्हच्या झाडावरून, विहिरीवरून, एकदा गाढवाच्या खोगिरावरूनही. पण सुजेवरून चार चुलतभाऊ भांडताना पाहिले नव्हते. शेजारच्या खोलीतले पेशंट सलाईनचे खांब ढकलत दारात येऊन उभे राहिले. तिळाच्या वड्या फिरू लागल्या. मोठे डॉक्टर म्हणायचे ते कॉफीचं दुकान आता खरोखर झालं, आणि त्यांच्याच हातात वडी होती.

"आत्याला बोलवा," डॉक्टर मिर्तो म्हणाल्या.

आत्या काठी टेकत आली. तिला खुर्ची दिली. डॉक्टर मिर्तो तिच्यासमोर गुडघ्यांवर बसल्या, म्हणजे दोघींची डोकी एका उंचीला आली.

"आत्या, पेनिसिलीनने कोण सुजलं होतं?"

"त्सांबिकोस."

"कुठला त्सांबिकोस?"

"कुठला म्हणजे? आमचा."

"हो, पण ह्यांच्यातला कोणता?"

आत्याने चौघांकडे एकेक करून बघितलं, बाजारात टोमॅटो निवडावा तसं. "ह्यांच्यातला? ही पोरं तेव्हा जन्मलीसुद्धा नव्हती. माझा बाप गं! बाबा सुजला होता!"

व्हरांड्यात फिरणाऱ्या वड्या तिथेच थांबल्या.

"आजोबा?" बेकरीवाला कसाबसा म्हणाला. "मग माझे डोळे?"

"तुझे डोळे कधी उघडे होते?" आत्या म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं. हात मांडीवर ठेवून, जुनी गोष्ट सांगायची तशी. लढाईनंतरचे दिवस. मी पोर होते, म्हणाली. बाबा टेकडीवर मधमाश्यांच्या पेट्या हलवायला गेला, पाय घसरला, एक पेटी अंगावर घेऊन खाली आला. पाय फाटला आणि माश्यांनी त्याला असं फोडून काढलं की घरी आणला तेव्हा आईने ओळखला नाही. लष्कराच्या छावणीतला डॉक्टर आला, पायाच्या जखमेसाठी नव्या औषधाची सुई दिली. संध्याकाळपर्यंत बाबाचा बुधला झाला.

"थांबा, थांबा," लाझारोस म्हणाला. "माश्या आधी चावल्या? सुई नंतर?"

"आधी माश्या."

"मग सगळे सुई-सुई का म्हणतात?"

"आई म्हणायची म्हणून. मरेपर्यंत म्हणत होती, सुईने सुजला. म्हणणारच!" आत्याने दोन्ही हात वर केले. "मधमाश्या तिच्या माहेरच्या होत्या. हुंड्यात आलेल्या. माहेरच्या माशीने जावयाला सुजवलं असं कुठली बाई कबूल करेल?"

लाझारोस तिथल्या ढकलगाडीवर बसला आणि हसत सुटला. त्याचं हसणं तळघरातून वर येतंय असं वाटत होतं. डॉक्टर मिर्तोंनी तोंड केसपेपरने झाकलं, पण कागद थरथरत होता. मधमाश्यांवाला तेवढा गंभीर राहिला. "त्याच वंशाच्या माश्या माझ्याकडे आहेत," तो म्हणाला. "चावतात खऱ्या."

"आणि आत्या," मी डोळे पुसत विचारलं, "इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"मला विचारायचे, 'त्सांबिकोस सुजला होता ना?' मी म्हणायचे, 'सुजला होता.' खोटं सांगू?"

माणूस जातो, नाव राहतं. त्या नावाबरोबर शेत येतं, ऑलिव्हची झाडं येतात, चर्चमधली खुर्ची येते. इथे नावाबरोबर सूजही आली होती, आणि पाच जणांनी ती प्रामाणिकपणे सांभाळली होती.

पण मोठे डॉक्टर हसत नव्हते. ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. मी त्यांच्याजवळ गेले.

"गोष्ट छान आहे," ते म्हणाले. "पण गोष्टीच्या भरवशावर मी त्याच्या नसेत विष घालू? म्हातारीची आठवण चुकली असेल तर? ख्रिसांथी, त्याला काही झालं तर रविवारी मी कुणाच्या शेजारी उभं राहायचं?"

एवढ्या तोफा त्यांनी कशापायी लावल्या होत्या, ते मला तेव्हा कळलं.

डॉक्टर मिर्तो पाठोपाठ आल्या होत्या. त्यांचा आवाज आता अगदी मऊ होता. "गोष्टीच्या भरवशावर नाही, डॉक्टर. आधी कातडीवर थेंबभर टोचून बघू. मग चिमटीएवढं औषध. मग थोडं जास्त. प्रत्येक पायरीला थांबू. उतारा सिरिंजमध्ये भरून सिस्टरच्या हातात. लाझारोस मात्रा मोजेल, मी कातडी बघेन, तुम्ही नाडी धरा. तुम्हाला शंका आली की तुम्ही 'बस' म्हणा, आम्ही तिथल्या तिथे थांबू. एकट्याने ठरवायचं नाहीये तुम्हाला."

मोठ्या डॉक्टरांनी खिडकीकडे पाठ फिरवली. मग डगल्याच्या बाह्या सरसावल्या. "चला."

आम्ही खाटेभोवती उभे राहिलो. दाराबाहेर खानदान जपमाळा काढून बसलं. थेंब टोचला, कातडी जशी होती तशीच राहिली. पहिली चिमूटभर मात्रा गेली. मी सिरिंज इतकी घट्ट धरली होती की बोटांना मुंग्या आल्या. त्सांबिकोस छताकडे बघत होता. ओठ हलत होते, आवाज नव्हता. पुढची मात्रा गेली.

"बस!" मोठे डॉक्टर ओरडले. "लाल! हात लाल झाला!"

खरंच झाला होता. मनगटापासून वर, लालबुंद. बाहेर आत्याने किंकाळी फोडली. डॉक्टर मिर्तो वाकल्या, श्वास ऐकला, जीभ बघितली, दुसरा हात बघितला, छाती बघितली. सगळं स्वच्छ. मग त्यांनी लाल झालेल्या हाताकडे नीट निरखून बघितलं.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या, "मनगट सोडा."

"का?"

"तुम्ही आवळलंय म्हणून. ही पाचही बोटं तुमची उमटली आहेत."

मोठ्या डॉक्टरांनी हात सोडला. लाली ओसरली. त्सांबिकोसने मनगट चोळलं. "बरं झालं सांगितलंत, बाळा. मला वाटलं नाडी अशीच बघतात. हाड मोडायच्या बेतात होतं."

मग जे हसू फुटलं ते दाराबाहेर गेलं, व्हरांड्यातून जिन्यात गेलं, आणि खालच्या मजल्यावरून शस्त्रक्रियावाल्या सिस्टरने ओरडून विचारलं, की तुमच्याकडे पेशंट आहेत की लग्न आहे. पूर्ण मात्रा गेली. लाल पट्टी मी स्वतः नखाने खरवडून काढली. देवमातेची शपथ, केसपेपर उजळ दिसला.

साधं, स्वस्त, जुनं पेनिसिलीन सुरू झालं. रक्त शुद्ध झालं, मूत्रपिंड सावरलं. बेकरीवाला, टॅक्सीवाला आणि मधमाश्यांवाला आपापली तपासणी करून घ्यायला रांग लावून आले. मेलबर्नवाल्याने कळवलं की तिकडचा डॉक्टर आजीच्या मधमाश्यांची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावतो. भिजवलेल्या गव्हाची आत्याने खीर केली आणि सगळ्या विभागाला वाटली. जिवंत माणसाच्या नावाने खाल्लेला तो पहिलाच गहू.

कानातला आवाज मात्र लगेच गेला नाही. कधी बारीक व्हायचा, कधी पुन्हा यायचा. त्सांबिकोस त्याबद्दल बोलायचा नाही; मीही विचारायचे नाही. सण तर इस्पितळातच जाणार होता, त्याचं त्याला दुःख नव्हतं. पण पुढच्या सणाचं काय, आणि त्याच्या पुढच्या? हे औषध कानातले सगळ्यांत वरचे सूर आधी खातं, आणि खाल्लेले परत देत नाही. ते उरलेत की गेले हे बघायला त्याला कानाच्या तपासणीला न्यायचं ठरलं.

काचेची एवढीशी खोली. आत तो, कानांवर मोठे गोळे लावून, हातात एक बटण. बाहेर यंत्रापाशी एक तरुण मुलगी; यंत्राच्या कर्ण्यातून आतले सूर आणि त्याचा आवाज दोन्ही बाहेर ऐकू येत होते. तिने समजावलं, "काका, सूर ऐकू आला की बटण दाबायचं. बस्स." तो "हो बाळा" म्हणाला. आम्ही सगळे व्हरांड्यात: डॉक्टर मिर्तो, लाझारोस, मोठे डॉक्टर, आत्या, मी. थांबा जणू तिथे हलवला होता.

पहिला सूर वाजला. त्सांबिकोसने बटण दाबलं नाही. त्याने तो सूर गायला.

"काका, बटण!" मुलगी म्हणाली.

दुसरा वाजला. तोही गायला. तिसरा. आपल्या गळ्याला परवडेल तिथपर्यंत खाली आणून, पण चोख, केसभर इकडे नाही की तिकडे नाही. डोळे मिटलेले, मान किंचित कललेली, चर्चमध्ये असते तशी. सूर चढत गेले. माझ्या शेजारी मोठे डॉक्टर श्वास धरून उभे होते. आत्याच्या काठीचा आवाज थांबला होता.

मग मुलीने आमच्याकडे बघून बोट वर केलं. सगळ्यांत वरचा.

काचेआड शांतता. त्सांबिकोसचे ओठ मिटलेले. कपाळाला आठी पडली. डॉक्टर मिर्तोंनी माझा हात धरला, की मी त्यांचा धरला, आता सांगता येणार नाही. लाझारोसने मान खाली घातली. मी डोळे मिटले आणि देवमातेला एवढंच म्हणाले, की आई, त्याने आयुष्यभर तुझ्यासाठीच ऐकलं.

आणि काचेआडून बारीक, रेशमासारखा सूर निघाला. चारेक सप्तकं खाली आणलेला, पण तोच. थरथरला नाही. थांबलाही नाही.

मुलगी दार उघडून बाहेर आली. तिच्या गालांवर पाणी होतं आणि ती चिडलेलीही होती. "ह्यांना कुणीतरी सांगा हो, बटण दाबायचं असतं!"

"दाबेल, दाबेल," मोठे डॉक्टर भिंतीला टेकून म्हणाले. "आधी त्याचं संपू दे."